हिवरगावचं तण

एका राज्यात दोन भाऊ होते आणि दोघेही स्वतःला राजा म्हणवत. सिंहासन एकच, म्हणून लोक मरत होते. दोघांचा मंत्रपंडित मात्र एक होता. मानाच्या शाली त्याला दोन्ही दरबारांतून मिळत. त्याची विद्या अशी, की दवंडीत तो जो शब्द घालील तेच प्रजेच्या डोळ्यांना दिसे. थोरल्याने गाव जाळलं की दवंडी पिटे, तण काढलं. धाकट्याने जाळलं की, धोंडे हटवले. मग तिथे तण दिसे, नाहीतर धोंडे. मेलेलेही तसेच दिसत, जिवंत उरलेलेही. तण पाणी मागे, आणि वाटेने जाणारे म्हणत, वारा सुटलाय. वडीलधारी म्हणत, आपण यात पडू नये. फार समजूतदार माणसं ती; त्यांच्या समजूतदारपणावरच तर दोन्ही राजे पोसले होते.

थोरल्याच्या फौजेने हिवरगाव जाळलं. तिथे साळूचा भाऊ होता, वहिनी होती आणि केसर नावाची भाची होती. साळू सासरहून धावत आली. गाव नव्हतं. तण होतं आणि तणाची एक गंजी. गंजीला टेकून ती रडली.

गंजीवरची टिटवी बोलली, "साळू, हे तण नव्हे. माणसं आहेत. दवंडी आम्हा पाखरांना लागत नाही, म्हणून दिसतं."

"केसर?"

"जिवंत आहे, गंजीत. उपसशील तर हाती गवतच येईल. दिवस मावळला की गंजी पेटवणार आहेत. राजाची स्वारी इथून जायची आहे. वाट स्वच्छ हवी."

"उपाय सांग."

"तिघांना बोलतं कर. ज्याने केलं तो, ज्याने पाहिलं तो, ज्याने शब्द ठेवला तो. पहिले दोघे खरं बोलले, तर त्यांचे डोळे मंत्रातून सुटतील. तिसरा बोलला, तर सगळ्यांचे. पण ते दोघे समोर असल्याशिवाय तिसरा बोलायचा नाही."

साळू तळ्यावर गेली. तिथे थोरल्याच्या फौजेतला राघू शिपाई हात धूत बसला होता.

"हिवरगावात काय केलंस?"

"निंदणी केली. हुकूम होता."

"घरांना कड्या लावल्यास?"

"लावल्या."

"कुठून?"

"बाहेरून."

"तणाला कडी कशाला रे?"

राघूचे हात पाण्यातच राहिले. तो म्हणाला, "आतून दार ठोठावत होते." तेवढं बोलला आणि त्याचे डोळे सुटले. तो उठून तिच्यामागे निघाला.

शेजारच्या गावी पारावर म्हाळोजी पाटील बसले होते. पांढऱ्या मिशा, पोक्त चेहरा.

"आजोबा, हिवरगावात काय पाहिलंत?"

"पोरी, तण होतं. आमच्याच माणसांनी गंजी रचली."

"मग बैलांना का नाही घातलं?"

"तोंड लावीनात."

"का?"

"बैलांचं काय सांगावं."

"बैलांना कळलं आणि तुम्हाला नाही? मिशा काय उन्हात पांढऱ्या केल्यात?"

पारावरचे बाकीचे म्हणाले, मोठ्यांशी बोलायची ही काय रीत. पाटलांनी त्यांना हाताने थांबवलं. "किंकाळ्या आल्या होत्या," ते म्हणाले. "आम्ही खिडक्या लावून घेतल्या." त्यांचे डोळे सुटले. ते काठी टेकत निघाले.

तिघं पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. मशाली तयार होत्या. मंत्रपंडित नाकाला उपरणं लावून उभा होता.

साळूने विचारलं, "हे काय आहे, महाराज?"

"तण."

"मग नाक का झाकलंत?"

टिटवी म्हणाली, "मंत्र करणाऱ्याला स्वतःचा मंत्र लागत नाही. याला सगळं पहिल्यापासून दिसतंय."

साळू गंजीवर चढून बसली. "पेटवा मग."

पंडित दवंडीच्या सुरात मशालवाल्यांना म्हणाला, "हेही तणच." त्यांना गंजीवर तणाचा एक भारा वाढलेला दिसला. ते पुढे सरकले.

राघू आडवा आला. "ती साळू आहे. तिच्या पायाशी तिची भाची आहे. तिच्यावर तिचा बाप पालथा पडलाय. त्या घराची कडी मी लावली होती."

पाटील म्हणाले, "मीही पाहतोय. बाप मेलाय, आईही. पोरगी हलतेय. पंडित, आपण दोघेही म्हातारे. आता तरी तोंड उघड."

मशालवाले थांबले. पंडिताने उपरणं काढलं. शब्दांचा एवढा मोठा व्यापारी, पण हा एक शब्द त्याच्या तोंडून फार कष्टाने निघाला.

"माणसं."

सगळ्या राज्यातलं तण गेलं, धोंडे गेले. जिवंत होते ते उठले. मेलेले मेलेलेच राहिले. मंत्र तेवढाच होता. शिपायांनी आपापल्या हातांनी काय केलंय ते पाहिलं, आणि दोन्ही राजांना फौज उरली नाही. लोकांनी सिंहासन चावडीत नेऊन ठेवलं. पंडिताची विद्या गेली. त्याच्या शाली मेलेल्यांवर घातल्या, त्या कमी पडल्या. खड्डे सगळ्यांनी खणले, पारावरच्यांनीही.

साळूने केसरला मांडीवर घेतलं. पोरीचा आवाज बसला होता.

"आत्या, तू गंजीला टेकून रडत होतीस ना, तेव्हा मी तुला हाका मारत होते."

"मला ऐकू आल्या नाहीत गं."

"मग किती मोठ्याने मारायला हव्या होत्या?"

साळूने तिला पाणी पाजलं.