वेशीवरचा षड्ज

एकदा एका नगरावर मरीची साथ आली आणि सगळी माणसे घरांना कुलपे लावून बाहेरच्या माळावर झोपड्या बांधून राहू लागली. पावसाळा गेला, थंडीही सरली. मग साथ ओसरली आणि पंचांनी परतीचा दिवस ठरवला. त्या सकाळी देवळाच्या वाद्यवृंदाने वेशीवर एक छोटी रचना वाजवावी, असे ठरले. वृंदाच्या वृद्ध आचार्यांनी ती बांधण्याचे काम आपल्या तरुण शिष्यावर सोपवले.

मान मोठा होता, पण शिष्याच्या मनात मानापेक्षा दुसरीच गोष्ट होती. त्याचा थोरला भाऊ साथीत गेला होता. तेव्हापासून आईचे एकच पालुपद होते, "मी त्या वेशीत पाऊल टाकायची नाही. माझं घर आता हेच." तिला समजावून तो थकला होता. आपली रचना ऐकून तरी आई आत येईल, एवढीच त्याला आशा उरली होती.

त्याने रचना बांधली ती उंच पट्टीत, द्रुत लयीत, उसळत्या आनंदाची. दुःखावर आनंदाचाच उतारा, हा त्याचा सरळ हिशेब. तरुणपणी आपला सगळ्यांचाच तो असतो.

आदल्या दिवशी वाद्ये बाहेर निघाली. माळावर जाताना वादकांनी रिवाजाप्रमाणे तारा उतरवून सैल ठेवल्या होत्या. त्या पुन्हा चढवायच्या तर हळूहळू, दोन-तीन दिवस घेऊन. शिष्याला कुठला धीर! त्याने खुंट्या पिळून सगळी वाद्ये एका बैठकीत उंच पट्टीला आणायला लावली. एक तार तुटली, पाठोपाठ दुसरी. दिलरुबा वाजवणाऱ्या काकांच्या बोटातून रक्त आले. बोटाला चिंधी गुंडाळीत ते म्हणाले, "बाबा रे, रचना तुझी गोड आहे, पण ती वाजवायला आम्हांला शिल्लक ठेव." बाकीचे हसले. शिष्याने मुकाट्याने नव्या तारा लावल्या. पट्टी मात्र सोडली नाही.

परतीच्या सकाळी तो वेशीवर आला, तर आचार्य स्वतः मांडी घालून बसलेले आणि एकेका वाद्याच्या तारा उतरवीत होते. षड्ज त्यांनी पार खाली आणला होता. बासरीवाल्याची आखूड बासरी काढून घेऊन त्याच्या हाती लांब बासरी दिली होती. पखवाजालाही जास्तीची कणीक थापून त्याचा आवाज खोल केला होता.

"गुरुजी, हे काय केलंत?" शिष्य म्हणाला. "एवढ्या खाली माझ्या रचनेत जीवच राहणार नाही. या सैल तारांवर द्रुत लय उभी तरी राहील का? आणि माझी आई आज..."

"मग सावकाश वाजवा," आचार्य म्हणाले. "रचना तुझीच आहे. तिची चाल मी जरासुद्धा बदललेली नाही."

वाद घालायला वेळ नव्हता. माणसे येऊ लागली होती. डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरे, मागे शेळ्या, आणि सगळे गप्प. वेशीपाशी येऊन पुढचे थांबले, तसे मागचेही थांबले. आत जायला कोणी धजेना, कारण घरोघरी कोणी ना कोणी नव्हते. शिष्याची आई सगळ्यांच्या मागे चिंचेखाली उभी होती. मुलाची रचना ऐकायची म्हणून ती तिथवर आली होती, तेवढेच.

रचना सुरू झाली आणि शिष्याला आपलीच रचना ओळखू येईना. उडी मारून वर जाणारी तिची ओळ आता एकेक पायरी चढत होती, दम खात होती, मग तितक्याच शांतपणे उतरत होती. गर्दीत कोणीतरी मोठा श्वास सोडला. एका म्हाताऱ्याने गाठोडे खाली ठेवले आणि तो रडू लागला. त्याला कोणी गप्प केले नाही. उलट आणखी पुष्कळजण रडले. वाद्ये थांबल्यावरही ते थोडा वेळ चालले आणि आपोआप ओसरले. मग एक बाई नाक पुसून म्हणाली, "चला, झाडलोट केवढी पडलीय," आणि माणसे आत शिरू लागली.

आई मात्र चिंचेखालीच बसून रडत होती. शिष्य उठला, तसा आचार्यांनी त्याचा हात धरला.

"बस. तिला वेळ दे. काल तारा का तुटल्या? तारांत खोट नव्हती. फार दिवस उतरलेल्या तारेला तू एकदम वरचा सूर मागितलास. माणसांचंही तेच. आनंद त्यांना हवाच आहे, पण सुटकेची पहिली लय द्रुत नसते. डोक्यावरचा हंडा उतरवल्यावर बाई लगेच नाचते का? आधी हुश्श करते. तुझी रचना मी त्या हुश्शपर्यंत खाली आणली, इतकंच."

शिष्याचेही डोळे भरून आले होते, आणि किती महिन्यांनी त्याला मोकळे वाटत होते.

बऱ्याच वेळाने आई उठून आली. पदराने तोंड पुसून तिने हात पुढे केला. "किल्ली दे. चूल सारवायला हवी." किल्ली घेऊन ती वेशीतून आत गेली, आणि चार पावलांवर थांबून मागे वळली.

"उद्या पुन्हा वाजवणार असाल तर जरा चढ्या लयीत वाजवा. तुझ्या दादाला असलं संथ आवडायचं नाही."

आचार्यांनी दिलरुबा जवळ ओढला आणि खुंटी अगदी थोडी पिळली.