करंजखिंडीतला रिकामा चौथरा

हा चौथरा पाहिलात? फूल नाही, शेंदूर नाही, देवही नाही. तरी नवखी माणसं हात जोडतात, म्हणून सांगतो. पूर्वी इथं भैरोबा होता.

लुटारूंच्या धामधुमीचा काळ होता म्हणे. दाणागोटा, गुरं, काही राहत नसे. तेव्हा वरवडीच्या सुभानजी पाटलांनी नदीच्या अलीकडची पाच गावं या खिंडीत जमवली. भैरोबावर हात ठेवून सगळ्यांनी शपथ घेतली : एकावर आलं ते पाचांवर आलं. शिंग वाजलं की हत्यार घेऊन धावायचं, कारण विचारायचं नाही.

शपथ फळली. लुटारूंनी वाट बदलली. नऊ वर्षं कडब्याची एक गंजीही पेटली नाही, असं सांगतात. पण पलीकडची चार गावं हे बघत होती. उद्या हे भाले आपल्यावरच आले तर? त्यांनीही एकी केली, शिंग आणलं. मग इकडे वीस भाले वाढले की तिकडे तीस.

सुभानजींची लेक गिरजा पलीकडे दिलेली. माहेरी आली तेव्हा म्हणाली, "आबा, दोन्हीकडं शिंगं झाली. वाजली तर मी कुणीकडं धावू?"

"वाजायची वेळ येऊ नये म्हणूनच आहेत ती, पोरी," सुभानजी म्हणाले.

त्या मार्गशीर्षात पलीकडची एक म्हैस नदी ओलांडून इकडच्या ज्वारीत शिरली. राखणदारानं तिला काठी घातली, म्हशीच्या धन्यानं राखणदाराला. एरवी दोन पाटलांनी पान खाऊन मिटवलं असतं. पण टेकडीवरच्या पहारेकऱ्यानं झटापट पाहिली आणि शिंग फुंकलं. पलीकडूनही लगेच वाजलं.

सुभानजी नदीच्या पात्रात आडवे उभे राहिले. "अरे, म्हशीवरनं भांडण आहे! माघारी फिरा!"

"कारण विचारायचं नाही, पाटील. शपथ तुम्हीच घातलीत," त्यांचीच माणसं म्हणाली आणि त्यांना वळसा घालून पुढे गेली.

दिवस मावळेपर्यंत त्रेसष्ट माणसं पडली. गिरजाचा नवरा आणि तिचा सख्खा भाऊ हातभर अंतरावर सापडले. कुणी कुणाला मारलं, ते कुणालाच सांगता आलं नाही.

सुभानजींनी भैरोबा उचलून डोहात सोडला. "साक्षीला बसलास, पण थांबवलं नाहीस," एवढंच बोलले. शिंगं फोडली, शपथ मोडली. आणि दुसऱ्याच वर्षी लुटारू परत आले. वरवडी जळत होती, तेव्हा कुठल्याच गावातून कुणी धावलं नाही. सुभानजी त्या आगीत गेले म्हणे.

गिरजा जगली. तिनं एक रीत घालून दिली. आजही या नऊ गावांत दोघांचं बिनसलं की ते दोघंच नदीच्या वाळूत उतरून समोरासमोर बसतात, बाकीचा गाव काठावर थांबतो. दर वेळी मिटतंच असं नाही. पण कुणाचा भाऊ पुढं सरसावलाच, तर काठावरच्या म्हाताऱ्या त्याच्या कमरेला मिठी घालतात, आणि त्यानं कितीही शिव्या दिल्या तरी सोडत नाहीत.