सरकारी लाँचचं पीक

खडकावरची कालवं, म्हणजे खडकाला घट्ट चिकटून वाढणारे शिंपले, फोडून मनोरमाकाकी आणि त्यांच्या बचत गटातल्या बायका थकल्या होत्या, आणि खडकही रिकामे होत चालले होते. खाडीत दोऱ्या सोडून त्यांवर कालवं वाढवायची, असं त्यांनी ठरवलं. परवानगी मात्र मत्स्य खात्याच्या निमकर साहेबांच्या हातात होती.

साहेब जेटीवर आले. शेजारीच त्यांच्या खात्याची लाँच सहा महिने बांधून पडली होती.

“बाई, मी पुस्तकं वाचलीत. या खाडीत कालवं खडक सोडून कशालाच धरायची नाहीत. अर्ज नामंजूर.”

“बरं साहेब. पाणी उतरायला लागलंय, ते पुरतं उतरेपर्यंत जेवून घ्या,” काकी म्हणाल्या.

जेवण होईपर्यंत ओहोटी झाली आणि लाँच चिखलात कलंडली. तिच्या तळाला कालवांचा जाड थर होता.

साहेब जेटीच्या कडेला जाऊन वाकून बघू लागले.

“आम्ही अजून एक दोरीसुद्धा सोडली नाही,” काकी शांतपणे म्हणाल्या. “इथली पहिली शेती तुमच्याच खात्याची. तुम्हाला परवानगी कोणी दिली ते सांगा, आम्ही त्यांच्याकडे अर्ज करतो.”

साहेबांनी अर्ज मागून घेतला. सही करता करता म्हणाले, “आता ही लाँच कोण साफ करणार?”

“शेती तुमची, साहेब. कापणी आम्ही करू.”