जांभळ्या काड्या

"म्हणजे ताई, जंतूंची ही जत्रा बघूनसुद्धा मी 'नॉर्मल' लिहू?"

मकरंदने सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली. पुण्यात दोन वर्षं रक्ताचे नमुने तपासून तो वाईच्या या लहानशा लॅबमध्ये आला होता. रक्तात एक जंतू दिसला तरी पळापळ होते. इथे तर योनिस्रावाच्या स्लाइडवर जांभळ्या काड्यांचे थवेच्या थवे! आपल्याला आता कोणी काही शिकवायचं उरलेलं नाही, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

यमुनाताई तीस वर्षं त्याच स्टुलावर बसत आल्या होत्या.

"बाहेर कोण बसलंय, पाहिलंस?"

"सासू-सून."

"सासूबाई म्हणतात, सून अस्वच्छ. महिनाभर तिला दह्यादुधाला हात लावू दिलेला नाही. पोरगी सांगताना रडली रे. आता सगळं तुझ्या कागदावर."

"मग मी 'जंतुसंसर्ग' लिहितो. विषय संपला."

ताईंनी स्टूल मागे सरकवलं.

उठून आत गेल्या. दहा मिनिटांनी रंगवलेली एक स्लाइड घेऊन आल्या.

"ही बघ."

मकरंदने डोळा लावला आणि तो चमकलाच.

"अरे बापरे! पुन्हा त्याच काड्या! वर ठिपक्यांच्या माळासुद्धा! या बाईंना तर आजच औषध सुरू करा. कोण आहेत या?"

"तुझ्या डब्यातलं ताक."



आईने दिलेलं ते ताक त्याने दुपारी अर्धी बाटली, चांगलं मिटक्या मारत प्यायलं होतं. त्याचा हात आपसूक पोटावर गेला.

ताईंनी कपाटातून एक जुनी स्लाइड काढून पुढे ठेवली.

"ही खऱ्या आजारी बाईची. काड्या मोज."

त्याने इकडून तिकडून शोधलं. पेशींना सगळीकडे बारीक चुरा चिकटलेला होता.

"एकही नाही..."

"त्या काड्या म्हणजे राखण करणारे; ते गेले आणि हे चुऱ्यासारखे भुरटे शिरले. ती बिचारी रोज साबणाने घासून धूत होती."

मकरंदने सुनेची स्लाइड पुन्हा लावून पाहिली. त्याला स्वतःची लाज वाटली. मग त्याने पेन उचललं आणि सुनेच्या कागदावर 'नॉर्मल' असं ठसठशीत लिहिलं.

"ताई, सासूबाईंना काय सांगू?"

"कागद सुनेच्या हातात दे. सासूबाईंना एवढंच सांग, आज घरचं विरजण तिनं लावायचं."