सारजेची पाटी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. गावच्या वडाला विचारलंत तर तोही पारंब्या मोजत बसेल. तेव्हा नदीवर पूल नव्हता आणि खैरसांगवीची शाळा मारुतीच्या देवळात भरत असे. सभामंडपात एकीकडे पोरं, एकीकडे भजनाचे टाळ आणि पखवाज, आणि मधोमध एकटे गोपीनाथ मास्तर.

मास्तर कोकणातून आलेले. माणूस सालस, पण करणार काय? चार इयत्ता आणि एक मास्तर. पहिलीला अक्षर गिरवायला द्यावं तर चौथीवाले एकमेकांच्या शेंड्या ओढत. चौथीला गणित घालावं तर पहिलीखालच्या बिगारीतलं एखादं भोकाड पसरे. आवळ्याची मोट म्हणतात ती हीच. मास्तरांनी ती रोज सकाळी बांधावी आणि दुपारपर्यंत ती सुटलेली असावी.

त्या वाटेनं सारजा कासारीण जात असे. नदीपलीकडच्या कासारवाडीत तिचं घर. डोक्यावर बांबूची पाटी, पाटीत बांगड्यांच्या माळा, आणि पंचक्रोशीतल्या बायकांची मनगटं तिला तोंडपाठ. साथीच्या वर्षी तिचा धनी आणि दोन लेकरं देवानं नेली होती. तेव्हापासून घरात तिच्याशी बोलायला चूल तेवढी. म्हणून असेल, देवळातून पाढ्यांचा आवाज आला की तिचे पाय रेंगाळायचे. चार पोरं एका सुरात ओरडतात, त्यात ऐकण्यासारखं काय असतं? पण तिला बरं वाटायचं.

एका दुपारी ती देवळाच्या पायरीवर टेकली होती. आत एक चिमुरडं रडून लाल झालेलं, आणि मास्तर बिचारे एका हातानं फळ्यावर लिहिताहेत, दुसऱ्यानं त्याला थोपटताहेत. सारजेला राहवलं नाही. ती आत गेली, पोराला कडेवर घेतलं आणि म्हणाली, "मास्तर, तुमी तुमचं चालू द्या. ह्याला मी बघते."

"अहो बाई, तुमचा धंदा?"

"बांगड्या काय नासत्यात व्हय?"

त्या दिवसापासून ती रोज यायला लागली. सकाळी बांगड्या विकायच्या, दुपारी शाळेत बसायचं. पोरांची नाकं पुसायची, भांडणं तोडायची, गोष्ट सांगायची. ज्या हातानं ती बांगडी न दुखवता चढवायची, त्याच हातानं पोरांचं बोट धरून 'ग' गिरवून घ्यायची. तिला स्वतःला 'ग' येत होता का? छे! पोरांच्या बोटाबरोबर तिचंही बोट फिरलं, आणि एक दिवस तिच्याच ध्यानात आलं की आपल्याला वाचता येतंय. तेव्हा ती मारुतीपुढं बसून खूप रडली, असं म्हणतात.

आणि कासारीण तिथं बसते म्हटल्यावर आयांनी मुलीही धाडल्या. जिच्या हातात आपण निर्धास्त हात देतो, तिच्यापाशी लेक पाठवायला कसली भीती? पाटलाची हौशी आली, मग सुताराची, मग कुंभाराची. देऊळ भरलं. मास्तरांच्या चेहऱ्यावर हसू दिसायला लागलं.

पण सगळं सुरळीत झालं तर ती गोष्ट कसली! गाडं अडलं ते वजाबाकीवर.

आता आपल्याकडे रीतच आहे. तांदूळ संपले म्हणायचं नाही, वाढले म्हणायचं. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. बांगडी फुटली तरी वाढवली. निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. कारण घरातली वास्तू सदा 'तथास्तु' म्हणत असते; कोणता शब्द उचलेल नेम नाही. हे सगळ्याच गावांत आहे, पण खैरसांगवीनं कडी केली होती. तिथं पोरानं दिवेलागणीला 'काही नाही' म्हटलं तरी पाठीत धपाटा बसे. मग अशा पोरांनी वजाबाकी करायची कशी?

एकदा तपासणीचे साहेब आले. परमुलखातले, मराठी पुस्तकातून शिकलेले. त्यांनी वर्गाला विचारलं, "टोपलीत पाच भाकरी होत्या. पाचही खाल्ल्या. किती उरल्या?"

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "वाढल्या!"

साहेब दचकले. "खाल्ल्यावर भाकरी वाढल्या?"

"व्हय साहेब! सगळ्या वाढल्या!"

मास्तरांना घोळ कळला होता, पण साहेबापुढं तो सांगायचा धीर त्यांना झाला नाही. साहेब टोपी घालून उठले. म्हणाले, "दिवाळीनंतर पुन्हा येईन. तेव्हा हीच गत असेल तर शाळा बंद. मुलांनी तालुक्याला जावं."

तालुक्याला म्हणजे नदी ओलांडून, दोन गावं मागं टाकून. मुलं एखादवेळ गेलीही असती. मुलींच्या नावानं मात्र आंघोळच.

घाबरलेल्या माणसाच्या हातून जे होतं, तेच मास्तरांच्या हातून झालं. त्यांनी छडी घेतली आणि पोरांकडून घोकून घेतलं, "काही उरलं नाही! शून्य उरलं! काही उरलं नाही!" पोरांची जीभ ती, घरी जाऊनही तेच. कुणी धान्याच्या कणगीपाशी बसून म्हणतंय, कुणी गोठ्यात. झालं, गावात हलकल्लोळ! तिसऱ्या दिवशी देवळात एकही पोर नव्हतं. मास्तर रिकाम्या सभामंडपात बसून होते, आणि सारजेनं ती बसण्याची तऱ्हा ओळखली. अशीच ती एकदा स्वतःच्या घरात बसली होती.

ती उठली आणि थेट पाटलांच्या ओसरीवर गेली. तान्हूबाई पाटलीण म्हणजे गावचा अर्धा निकाल. सारजेला बघताच तिनं तोंड सोडलं, "त्या मास्तरची वकिली करू नगंस सारजे! भरल्या घरात पोरगी 'न्हाई न्हाई' करतीया. वास्तूनं आयकलं म्हंजी?"

"बरोबर हाय तुमचं वैनी," सारजा म्हणाली. "'न्हाई' घरात सांडायचाच न्हाई. पर मी काय म्हंते, पोरांनी त्यो माझ्या पाटीत टाकावा. वजाबाकी आली की पाटीपाशी जायचं, वाकून पाटीत 'न्हाई' म्हनायचं. सांजच्याला मी पाटी उचलीन आन् शिवंच्या भाईर नदीत झटकीन. गावात ऱ्हायला त्यो?"

पाटलिणीनं खूप विचार केला. मग हळू म्हणाली, "आन् तुझ्या डोईवर बसला म्हंजी?"

"माझ्या घरात काय हाय वैनी, जायला?"

हे ती रडून नाही म्हणाली, सहज म्हणाली. पाटलिणीच्या मात्र डोळ्यांना पाणी आलं. दुसऱ्या दिवशी हौशी शाळेत आली, आणि हौशी आली म्हणून बाकीची आली. मास्तरांनी छडी चुलीत घातली.

पण एक गोष्ट सारजेला पहिल्यापासून ठाऊक होती. ज्या पाटीत गावाचा 'नाही' पडतो, त्या पाटीतली बांगडी कोण सवाष्ण हातात घालणार? दुसरी पाटी घेतली तरी डोकं तेच. तिनं माळा काढून घरात खुंटीला टांगल्या. धंदा बसला. कुणी विचारलं तर म्हणायची, "हात दुखत्यात." दोन वेळचं जेवण एका वेळेवर आलं, पण दुपारी ती पाटी घेऊन देवळात हजर.

आणि मग एक नवल घडलं. पोरं वजाबाकीचा 'नाही' टाकता टाकता दुसरेच 'नाही' टाकायला लागली. एक जण येऊन पाटीत पुटपुटला, "मला सातचा पाढा येत न्हाई." दुसरी म्हणाली, "मला फळ्यावरचं दिसत न्हाई." मास्तरांपुढं सांगायला लाज वाटायची, मित्रांपुढं हसं व्हायचं, पाटी कुणाला हसत नाही. सारजा शेजारीच बसलेली. ती ऐकायची आणि सांजेला मास्तरांच्या कानावर घालायची. दुसऱ्या दिवशी मास्तर तोच पाढा हळूहळू, पहिल्यापासून घ्यायचे. फळा न दिसणारी पोर सगळ्यांत पुढं बसायची. वर्ग असा काही पुढं सरकला की काही विचारू नका.

एका संध्याकाळी पोरं घरी गेल्यावर मास्तर पाटीपाशी आले. इकडंतिकडं बघितलं, वाकले, आणि म्हणाले, "माझ्याच्यानं एकट्यानं होत नाही." सारजेनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पाटी डोक्यावर घेतली आणि चालू लागली. दुसऱ्या दिवशी ती दुपारऐवजी सकाळीच आली.

ती पाटी दिवसेंदिवस जड होत गेली, असं म्हणतात. दिसायला रिकामी, पण नदीकडं जाताना सारजा कमरेत वाकलेली असे. एका पैलवानानं एकदा गंमत म्हणून ती उचलायला घेतली, तर त्याला गुडघाभरसुद्धा वर नेता आली नाही. श्रावणात नदीला पूर आला, नावाड्यानं होडी बांधून ठेवली; पण गावची शीव नदीच्या मधोमध, आणि आजचे 'नाही' रात्रभर शिवेच्या आत कसे ठेवायचे? सारजा तशीच पाण्यात शिरली. कुणी सांगेल की नदी दुभंगली. ते मनावर घेऊ नका. नदी फक्त तिच्या घोट्यापर्यंत उतरली आणि ती पलीकडं गेल्यावर पुन्हा भरली, एवढंच.

दिवाळी झाली. साहेब आले. सगळा गाव देवळाबाहेर उभा. साहेबांनी तोच प्रश्न मुद्दाम विचारला. "पाच भाकरी. पाचही खाल्ल्या. किती उरल्या?"

हौशी उठली. तुरुतुरु पाटीपाशी गेली, वाकली, पाटीत म्हणाली, "शून्य. काय उरलं न्हाई." आणि येऊन जागेवर बसली.

साहेब बघतच राहिले. "उत्तर बरोबर आहे. पण ही मुलगी टोपलीशी का बोलते?"

या वेळी मात्र मास्तरांनी धीर केला. त्यांनी सगळं सांगितलं. गावाची रीत सांगितली, स्वतःची छडी सांगितली, खुंटीला टांगलेल्या बांगड्याही सांगितल्या. त्या त्यांना कशा कळल्या होत्या कोण जाणे. बाहेर उभ्या बायकांना मात्र ते तेव्हाच कळलं, आणि पाटलिणीनं पदर तोंडाला लावला.

साहेबांनी टोपी काढली, पाटीपाशी आले, गुडघ्यावर बसले आणि आत वाकून आपल्या पुस्तकी मराठीत म्हणाले, "ही शाळा कधीही बंद होणार नाही."

पोरं टाळ्या पिटणार, इतक्यात सारजा पुढं झाली. तिनं पदरानं पाटीचं तोंड झाकलं आणि म्हणाली, "साहेब, ह्यो 'न्हाई' मी नदीला न्यायची न्हाई बरं का. ह्यो हितंच ऱ्हाईल." आणि तिनं मारुतीच्या उंबऱ्यापाशी ती पाटी अलगद उपडी केली. तो एक 'नाही' गावानं आपणहून ठेवून घेतला. देवळाची वास्तू तेव्हा मोठ्यानं 'तथास्तु' म्हणाली आणि ते बाहेर उभ्या असलेल्या सगळ्यांनी ऐकलं, असं म्हणतात.

त्याच दिवशी पाटलीण सारजेचा हात धरून तिला घरी घेऊन गेली. "आधी जेव," म्हणाली, "मग खुंटीवरच्या माळा पाटीत घालून घिऊन ये आन् माझ्या हातात बांगड्या भर. तुझ्या पाटीतल्याच पायजेत." पाटलिणीनं भरल्या म्हटल्यावर गाव कशाला मागं राहतोय! सारजेला सणावाराला जेवायला कुणाकडं जावं हाच प्रश्न पडू लागला. ज्या बाईशी बोलायला एक चूल होती, तिला रस्त्यानं चालताना पोरं पुढं जाऊ देईनात. मास्तरांची पुढं बदली झाली. जाताना त्यांनी सारजेच्या पायावर डोकं ठेवलं. ती "आवो, आवो" करत राहिली.

म्हातारी झाली तरी ती शाळेत येत होती. आणि एक दिवस आली नाही. खैरसांगवीची माणसं, ती 'गेली' कशी म्हणतील? 'सारजा वाढली' म्हणाले. दुसऱ्या दिवशी पाटी कुणी न्यायची म्हणून मारुतीपुढं इतकी माणसं जमली की भांडण लागायची वेळ आली. शेवटी तान्हूबाईनं, ती तेव्हा पार थकली होती, निकाल दिला: रोज एका घराची पाळी.

ती पाळी आजही चालते. आता नदीवर पूल आहे, शाळेला स्वतःची इमारत आहे, फळा हिरवा झाला आहे. पण रोज एका घरातलं एक माणूस पाटी घेऊन शाळेत येतं. कधी पेन्शनीतला फौजी, कधी पिठाची गिरणी चालवणारा, कधी कॉलेजातली पोरगी, कधी नातवाच्या शेजारी बसून आता कुठं अक्षर गिरवणारी आजी. ती पोरांचं वाचन ऐकतात, नाकं पुसतात, खिचडी वाढतात, आणि पोरं पाटीत काय काय पुटपुटतात ते शिक्षकांच्या कानावर घालतात. संध्याकाळी पाटी नदीवर झटकली जाते. कुणी हसून विचारतं, रिकाम्या पाटीला कसलं हो वजन? त्यानं एकदा पाळी करून बघावी.

गेल्या जूनमध्ये तिथं एक नव्या बाई रुजू झाल्या. वयानं लहान, पहिलीच नेमणूक, ओळखीचं कुणी नाही, आणि चार इयत्तांना त्या एकट्याच. शाळेच्या कुलपात त्यांनी दोनदा चुकीची किल्ली घातली, असं त्याच सांगतात. मागं कुणीतरी खाकरलं. वळून बघतात तर पायरीखाली एक शेतकरी चपला काढून उभा, काखेत बांबूची पाटी.

"बाई, राम राम," तो म्हणाला. "आज आमच्या घरची पाळी हाय. मी पैली घिऊ का दुसरी?"