शेवटच्या पानाचे पाणी

एका राज्यात तीन वर्षे ढग फिरकला नाही. डोंगरमाथ्यावरचे तळे मात्र तुडुंब! पण काय चाटायचे आहे ते? तळे शापित होते. पाणी उचलून चार पावले नेले, की त्याची वाळू होई.

राज्याच्या अगदी टोकाला काटवण गाव. सारजा कुंभारणीची लेक पुतळा तिथे दिलेली. तिचा निरोप आला, "आई, पौर्णिमेला सारा गाव परमुलखी निघणार. पुन्हा भेट होणे नाही." सारजा तडक तळ्याकाठी गेली. तिथल्या टिटवीला वाचा होती.

टिटवी म्हणाली, "कुंभारणी, तीन कामे कर. सात गावांची माती कालवून नळ भाज. कोसाकोसावर मनोरा बांध, पाण्याला श्वास लागतो. आणि ज्याचा मान, त्याला आधी पाज."

सातही गावे राबली. नळ भाजायला आवे पेटले, मनोरे उठले, नळाला नळ जुळला. पहिली तोटी राजवाड्यापाशी उघडली. मान राजाचा, त्यात विचारायचे काय! राजा दीर्घकेतूने ओंजळ धरली, तर ओंजळीत वाळू.

राजा खाली मान घालून म्हणाला, "सारजाबाई, शाप देणारा मांत्रिक आमच्या आजोबांच्या पंगतीत शेवटच्या पानावर बसला होता. त्याच्यापर्यंत येईतो घागर रिकामी झाली. तो तहानेलाच उठला."

"अहो महाराज, हे आधी नाही का सांगायचे! मान शेवटच्या पानाचा, म्हणजे टोकाच्या काटवणाचा."

मग वाटेतल्या गावांनी आपापल्या तोट्या गच्च बुजवल्या. पाणी दारावरून खळखळत गेले. लेकरे नळाला कान लावून बसली, पण थेंबाला कुणी हात लावला नाही. शाब्बास त्यांची!

पौर्णिमा उजाडली. सारजा आणि राजा नळाच्या कडेने चालत टोकाला पोचले. काटवणात पुतळाची गाठोडी बांधून झाली होती, इतक्यात नळ गुरगुरला. सारजेने धावत जाऊन तांब्या भरला आणि लेकीपुढे धरला. पुतळाचे ओठ फुटले होते. तिने तांब्याकडे डोळे भरून पाहिले आणि तो मागे सारला.

"आई, माझ्यापुढे अजून एक घर आहे."

त्या घरात झुंबरा म्हातारी एकटीच राहत होती. राजाने स्वतः तिच्या ओंजळीत पाणी ओतले. म्हातारी प्याली, तोंड पुसले आणि म्हणाली, "गोड आहे हो."

वाटेतल्या साऱ्या तोट्या उघडल्या. कुठेही वाळू आली नाही. राजा सर्वांत शेवटी प्याला. पुतळाने गाठोडी सोडली आणि आईला म्हणाली, "आता जेवूनच जा."

त्या राज्यात आजही पंगतीत पाणी शेवटच्या पानापासून वाढतात. त्यांच्या घागरी भरल्या, तशा तुमच्याही भरोत.