सशाची ओळ

ढगांना अजून पावसाचं काम लागलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. तेव्हा ते जंगलाची कागदपत्रं सांभाळत. जंगलात कुठे कुठे फास लावलेत याची यादी सागाच्या पानावर लिहून ढगात ठेवलेली असे, कारण खाली ठेवली की वाळवी खाई. ज्याला भर घालायची तो पानांची ने-आण करणाऱ्या पाकोळीकडून नक्कल मागवी आणि लिहून परत पाठवी; मग तेच पान आधीच्या जागी ठेवलं जाई.

साळिंदरराव स्वतःच्याच काट्याने लिहीत. एकदा दोन नवे फास लिहून त्यांनी पान पुढे केलं.

"कुठल्या पानावरून लिहिलंत?" पाकोळी सगळ्यांना विचारायची तसंच तिने विचारलं.

"परवाच्या."

"काल सशाने एक ओळ घातलीय. नवं पान आणते, तेवढी ओळ उतरवून घ्या."

"सशाची ओळ! गवताबद्दल असेल. तुझं काम वाहून न्यायचं, चौकशा करायचं नव्हे."

पाकोळीने पान घेतलं नाही. रावांनी ते घारीला दिलं. घारीने काही विचारलं नाही. ढगानेही सशाची ओळ असलेलं पान बाजूला सारून हे ठेवलं. ओळी मोजायची त्याची पद्धत नव्हती.

दुसऱ्या दिवशी राव ताजी यादी पाठ करून निघाले. तीत जांभळाचं नाव नव्हतं, म्हणून ते निर्धास्त जांभळाखालून गेले आणि त्यांचा मागचा पाय फासात अडकला.

वरून जाणारी पाकोळी खाली आली.

"लिहून घे," राव कण्हत म्हणाले, "जांभळाखाली फास आहे. लवकर ने!"

"सशाची ओळ हीच होती," पाकोळी म्हणाली. "आता कुठल्या पानावरून लिहायचं?"

रावांनी पायाकडे पाहिलं.

"सशाच्या," ते म्हणाले.